सोजराचं घर हेच

"तू सोजराच ना व?" असं कोणी विचारलं तर काकू हो म्हणायची नाही अन् नाही बी म्हणायची नाही. "सोजराचं घर हेच," एवढंच म्हणायची. हाक मारली तर ओ द्यायची, विस्तव मागितला तर द्यायची, भांडायला कोणी आलं तर पदर खोचून भांडायची. पण तू कोण, याचं सरळ उत्तर तिनं उभ्या जन्मात एकदा सोडून कोणाला दिलं नाही. आमच्या गल्लीला त्याचं काही वाटत नव्हतं. खरी सोजरा तिच्या गळ्यात आहे, हे सगळ्यांना माहीत होतं.

चांदीची होती ती. करंगळीच्या पेराएवढी पुतळी, नाकडोळे घासून सपाट झालेले, काळ्या दोऱ्यात ओवलेली. बिजवराला दिलेल्या पोरीच्या गळ्यात आमच्याकडं त्याच्या गेलेल्या पहिल्या बायकोची अशी पुतळी घालत. नवं लुगडं आधी पुतळीला लावायचं, मग आपण नेसायचं. पहिला घास तिला दाखवायचा, मग आपण खायचा. अशा पुतळ्या बऱ्याच घरांत होत्या. काकूच्या नवऱ्याच्या, कडूबाकाकाच्या घरात मात्र गोष्ट त्याच्याही पुढं गेली होती. तिथं दुसरीचं नाव बी पहिलीचंच ठेवलं.

लग्नात ताटात तांदूळ पसरतात अन् नवरा अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. कडूबाकाकाला लिहिता येत नव्हतं. बामणानं त्याचं बोट धरलं अन् तांदळात 'सोजरा' काढलं. पोरगी घाटाखालची, वडनेर भोलजीची. बापानं ठेवलेलं नाव झुंबर. ते नाव त्या तांदळासंगं गोळा झालं अन् संध्याकाळी त्याच तांदळाचा भात शिजला.

पोरगी एवढ्या दुरून, घाटाखालून आणली, कारण घाटावर त्या घरात कोणी पोरगी देईना. पहिली सोजरा पहिलटकरीण होती. अडली अन् लेकरासकट गेली. अशी बाई वापस येते म्हणून तिला नेताना गावानं तिनं वेचत बसावं म्हणून वाटेवर राळ्याचे दाणे सांडले, उंबऱ्यात लोखंडी खिळे ठोकले. लोक आंघोळी करून घरी गेले नाहीत तोच कडूबाची माय रुखमाबाई सांडशी घेऊन उंबऱ्याशी बसली अन् तिनं ते खिळे एक एक करून उपटले. "माही सून हाय ते. तिले घराभायेर कायले ठिवू?" म्हणाली. गावानं कपाळाला हात लावला. खिळे काऊन उपटले, हे रुखमाबाईनं कोणाला सांगितलं नाही. मरताना दुसऱ्या सुनेला सांगितलं.

त्या दुसऱ्या सुनेला तिनं पहिल्याच दिवशी चुलीपुढं बसवलं होतं. "आयक व पोरी. हाक मारली तं ओ दे. पन 'मी सोजरा' म्हनू नको, म्हनशीन तं ती आंगावर येईन. 'मी सोजरा नाई' बी म्हनू नको, म्हनशीन तं तिले समजन का घरात दुसरी आली. कोनी इचारलंच तं सांग, सोजराचं घर हेच. अन् ती मेली, हा शब्द या घरात निंघू द्यायचा नाई."

पोरगी चौदा-पंधराची. भ्यायली अन् ऐकलं. पुढं भ्याव गेलं, ऐकणं राहिलं.

आम्ही लहान असताना त्या अंगणात चेंडू गेला तर कोणी आणायला जायचं नाही. काकू कोणाला बोलायची नाही, उलट शेंगा द्यायची. पण घरात ती एकटी असताना बोलण्याचा आवाज यायचा. झाडताना म्हणायची, "सरक व जरा." जेवायला दोन ताटं मांडायची. एकातलं स्वतः खायची, दुसऱ्याजवळ थोडं थांबायची, मग ते गाईपुढं टाकायची. गाय विकली, तरी दुसरं ताट सुटलं नाही.

लेकरू झालं नाही. कडूबाकाका आजारात गेला, त्याच्या आधी आजारापायी वावर गेलं. काकू निंदण-खुरपणाला जायची तोवर चाललं. मग एका डोळ्यात फूल पडलं अन् तिला धान अन् तण सारखंच दिसायला लागलं. एकोणीसशे ऐंशी साल उलटलं होतं. सरकारची निराधारांची योजना नवी नवी आली होती. तिचा अर्ज मीच भरला. गाव तिला जे म्हणतं तेच नाव लिहिलं, सोजराबाई भ्रतार कडूबा. बँकेत खातं काढलं. अंगठा लाव म्हटलं, तिनं लावला. तू सोजराच का, असं कोणी विचारलं नाही. म्हणून दोन वर्षं बिनघोर गेली.

मग एका उन्हाळ्यात तालुका कचेरीतला कारकून तपासणीला आला. निराधारातलं कोण जितं आहे अन् कोण नाही, हे घरोघरी जाऊन पाहायचं होतं. मी वावरात होतो. माझी बायको कोकिळा बाजूच्या ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. तिनं सगळं ऐकलं.

"सोजराबाई कडूबा तुमीच का, बाई?"

"सोजराचं घर हेच."

"घर हेच, बराबर हाय. बाई कोठी हाये?"

काकूचा हात सवयीनं पुतळीवर गेला. "अठी हाय."

कारकून पुण्याकडचा असता तर म्हातारी चळली म्हणाला असता, नावापुढं खूण करून पुढं गेला असता. पण हा आमच्याच मुलखातला. त्याच्या आजीच्या गळ्यात बी अशीच पुतळी होती, असं त्यानंच मला मागून सांगितलं. पुतळी पाहिली अन् त्याला एका नजरेत सगळं समजलं, तेच वाईट झालं.

"कवा गेल्या?" त्यानं आवाज खाली घेऊन विचारलं.

काकू गप्प. तो शब्द त्या घरात निघत नव्हता.

कारकुनानं टोपी सरळ केली, पुतळीला हात जोडले, कोकिळेकडून तांब्याभर पाणी पिला अन् पुढच्या घरी गेला. जाताना कागदावर 'मयत' लिहून गेला. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. आमच्या माणसानं आमचीच रीत ओळखली अन् एक जिती बाई मारून टाकली.

बँकेत गेलो तेव्हा ते समजलं. बँक बाजाराच्या गावी, उंद्रीला. बैलबंडी झाडाखाली सोडली अन् काकूला घेऊन खिडकीशी गेलो.

"हे खातं बंद आहे," बँकेतला बाबू म्हणाला. "खातेदार मयत."

"कोन मयत?"

"सोजराबाई."

काकूनं पुतळी मुठीत झाकली, लेकराच्या कानावर हात ठेवावा तशी. "हळू बोला, बाप्पा."

"तुम्ही मयताच्या कोण लागता? वारस असाल तर खात्यावर राहिलेलं मिळेल. दाखला आणावा लागेल."

"मी..." काकू अडली. खरं बोलायचं अन् नेम बी मोडायचा नाही. बराच विचार करून म्हणाली, "सवत."

मागं उभी असलेली माणसं फसकन हसली. एक पागोटेवाला म्हणाला, "सवतीची वारस सवत! हे नाई पाह्यलं बे अजून!" बाबूला बी हसू आवरेना. पण माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "इथं काही होणार नाही, आजी. कचेरीतून दुरुस्ती आली तर आम्ही खातं चालू करू."

कचेरीतला साहेब परमुलखातला, तरणा अन् सबुरीचा. त्यानं आमच्यासमोर जुने कागद काढवले. तिथं खोडा पडला. सोजराबाई, नवऱ्याचं नाव कडूबा, हिच्या मरणाची नोंद खरोखरच होती, इंग्रजांच्या वेळची. म्हणजे कारकून चुकला म्हणावं, तर नोंद त्याच्याच बाजूनं बोलत होती.

"या नावावर आता पैसे जाणार नाहीत," साहेब म्हणाला. "पण उपाय सोपा आहे. आजींनी पंचांसमोर बोलायचं की पहिली बायको सोजराबाई मेली, मी दुसरी, माझं नाव अमुक. अंगठा करायचा. त्या नावानं नवीन खातं निघेल. दोन ओळींचं काम आहे."

"तुमच्यासाठी दोन ओळी हायेत, सायेब," काकू म्हणाली अन् उठून चालायला लागली.

बंडीत मी तिच्यावर उखडलो. "काऊन व काकू? खाशीन काय? पुतळी चाटशीन?"

"उत्तमा," ती म्हणाली, "माह्या घरात दिवे लावाच्या येळी येकटा बसून पाहाय. मंग मले शिकव."

मी काही गेलो नाही. खोटं कशाला सांगू.

पाऊसकाळ आला. कोकिळा भाकर पाठवायची, काकू वापस पाठवायची. "भाकर नोको, काम दे." मग कोकिळा तिला शेंगा फोडायला बसवायची, लेकरं सांभाळायला द्यायची अन् त्याचं म्हणून पदरात पीठ घालायची. काकू वाळत चालली. डोळे आत गेले, गळ्याचा दोरा ढिला पडून पुतळी छातीच्या हाडावर येऊन बसली. कोकिळा एकदा मीठ मागायला गेली तर चुलीपुढं दोन ताटं होती. अर्धी भाकर एकात, अर्धी दुसऱ्यात.

"ते तरी खात जा, काकू," कोकिळा बोलून गेली.

"ते माह्य नोहे."

भादव्याचा वद्य पक्ष लागला तशी काकू अस्वस्थ झाली. त्या पक्षातली नवमी नवऱ्याआधी गेलेल्या बाईची असते. त्या दिवशी काकू दरसाल एक सवाशीण जेवू घालायची. पुरण करायची, ओटी भरायची, हातभर हिरव्या बांगड्या द्यायची. कडूबाकाका वारला तेव्हा जोशी म्हणाला होता, "नवरा गेला, आता तिची नवमी करायचं कारण नाही." त्यावर काकू म्हणाली, "तुमाले माईत हाय, माराज. तिले कोनं सांगतलं?" सोजरा हिरव्या बांगड्या घालून गेली होती. तिच्या हिशेबी तिचा नवरा अजून होता.

एका संध्याकाळी काकू आमच्या ओट्यावर येऊन बसली. मी बैलांना पेंढी टाकत होतो. कोकिळा कंदिलाची काच पुसत होती.

"नवमी आली," काकू म्हणाली.

"येक वर्स नाई केली तं काय होते, काकू?"

"मी उपाशी राह्यली तं चालते, कोकिळा. तिले उपाशी ठिवता येत नाई."  पुढचं बोलली ते आमच्याकडं न पाहता. "खिळे काऊन उपटले, हे तुमाले सांगतलं नाई कवा. त्या रोजी अशीच दिवे लावाची येळ होती. सासू माह्यी वसरीत जात्यावर होती. आतून सोजरानं हाक मारली, 'आत्याबाई!' सासू म्हने, पह्यलटकरीन हाय, नखरे करते. दळत राह्यली. दुसरी हाक आली. तरी जातं थांबलं नाई. तिसरी आली ते बारीक आली. मंग आलीच नाई. दळन सरलं, पीठ भरलं, जातं झाकलं, अन् मंग ती आत गेली."

कोकिळेच्या हातातली काच तशीच राहिली.

"मरतांनी माह्या हात धरून म्हने, 'तिले ओ द्यायची राह्यली व माह्याकडून.' म्हून मी तिचं सारं करते. येकदा कोनी आयकलं नाई तिचं. आता तिले जेवू घालाले बी घरात दाना नाई." काकू उठली. "उत्तमा, उद्या कचेरीत नेय मले. तिच्या घासासाठी तिलेच मेली म्हनते. पाहू काय होते ते."

दुसऱ्या दिवशी पंच म्हणून आमचे पोलीस पाटील हिंमतराव संग आले. कोकिळा बी आली. कचेरीच्या पायरीशी काकू थांबली, तिनं पुतळी गळ्यातून काढली, कोकिळेच्या हातात दिली. लग्नापासून ती कधी निघाली नव्हती. "त्या लिंबाखाली जाऊन उभी राहाय. दूर. मुठीत झाकून ठिव. कचेरीकडं पाठ कर."

आत साहेबानं विचारलं, "बोला आजी. सोजराबाई कोण?"

"कडूबाची पह्यली."

"कुठं आहे ती?"

 हिंमतराव पागोट्यात बोट घालून खाजवायला लागले. गावातली सगळी भांडणं मिटवणारा माणूस, पण त्यांनी बी नजर खाली घातली.

"मेली," काकू म्हणाली.

"अन् तुम्ही?"

"मी झुंबर."

म्हातारीचा आवाज नव्हता तो. कोणी तरी पोरगी, खूप दिवस कोंडलेली, दाराच्या फटीतून बोलावी तसा होता. अंगठा केला, हिंमतरावांनी सही केली, साहेबानं शिक्का मारला. भायेर आलो तर कोकिळा लिंबाखाली घाबरीघुबरी उभी.

"काकू, दोरा तुटला. मी काईच केलं नाई. मुठीतल्या मुठीत तुटला."

"जुना असन," मी म्हणालो. जुना होताच. पण काकूनं पुतळी पदराच्या गाठीत बांधली अन् गाव येईस्तोवर ती गाठ मुठीत धरून बसली.

कचेरीतले कागद बैलाच्या चालीनं जातात. नवमी आधी आली, पैसे आले नाहीत. काकूनं कोकिळेलाच सवाशीण म्हणून बसवलं. पुरण नव्हतं. भाकर, अंबाडीची भाजी अन् मिरचीचा खुडा. ओटीत मूठभर ज्वारी. बांगड्या नव्हत्या. आमच्या घरचं काही आणू दिलं नाही. तिचं जेवण, ते दुसऱ्याच्या दाण्याचं चालत नाही म्हणाली. कोकिळा जेवली. काकू दुसऱ्या ताटाशी वाकून म्हणाली, "या खेपी भागवून घेय व माय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती आमच्या दारात. "कोकिळा, काल दिवे लावतांनी तू मले हाक मारली होती का?"

"नाई व."

"झुंबर म्हून?"

"अव काकू, तुमचं नाव झुंबर हाय हे मलेच आता कचेरीपायी समजलं. गावात कोन हाक मारीन त्या नावानं?"

काकू उंबऱ्यात बसली. मायबाप कवाचे गेले होते. घाटाखाली तिला त्या नावानं ओळखणारं कोणी उरलं नव्हतं.

"मंग तिलेच समजलं," म्हणाली. "इतकी वर्स तिच्याजवळ मले हाक माराले नावच नव्हतं. मीच देऊन आली."

त्या दिवसापासून हाक रोज यायला लागली. दिवे लावायच्या वेळी, घराच्या मागच्या खोलीतून. एकदा, कधी दोनदा. आमच्याकडं लेकरालाही माहीत असतं की तिन्हीसांजेला दिसत नसलेल्या माणसाच्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये, दुसरीला देऊ नये. माणूस असेल तर तिसरी मारतो. मी तिला तेच सांगितलं. "तिसरी आली तं ओ दे. भूत तिसरी मारत नाई."

"तिनं तं तीनच मारल्या होत्या, बाप्पा," काकू म्हणाली.



दसरा झाला अन् नवीन खात्यात पैसे आल्याचा निरोप आला. मी तिला बँकेत बाकावर बसवलं अन् पेरणीच्या पांभरीचा फाळ आणायला लोहाराकडं गेलो. वापस आलो तर वाटप संपलेलं, खिडकी लागलेली, काकू बाकावर तशीच.

बाबू माझ्यावरच ओरडला. "अहो, घसा कोरडा झाला माझा! झुंबरबाई, झुंबरबाई! समोर बसून ऐकते अन् ओ देत नाही. शेवटी माघारी टाकलं नाव."

"काऊन व? निजली होती का?"

"नाई. आयकलं."

"मंग?"

"कोन बलावून राह्यलं हे दिसलं नाई. खिडकीत अंधार होता."

"भर दुपारी बँकेत कोन भूत येते, काकू? पैसे भराले येते का?"

"ती माह्यासाठी येते. तिले काय, बँक अन् घर सारखंच."

मी बाबूला विनवलं, बाप्पा, हिचं नाव आलं की जरा खिडकीतून तोंड भायेर काढून हाक मारा. तो म्हणाला, "बाकी बाया काय म्हणतील? हिला ओवाळू का आता?" पण जाताना खालच्या आवाजात त्यानं मला खरं ते सांगितलं. पुढच्या वाटपाला बी म्हातारीनं पैसे उचलले नाहीत तर रक्कम वापस जाणार, खातं पुन्हा चौकशीला, अन् चौकशीला पुन्हा कोणी तरी विचारणार, बाई आहे का मेली.

ते मी काकूला सांगितलं. ती ऐकत होती, पण माझं नाही. दिवस मावळत होता अन् तिचा कान घराकडं होता.

पुढच्या वाटपाच्या दिवशी मी लोहार, बैल, सगळं सोडून तिच्या बाजूला बसलो. पुतळी नव्या दोऱ्यात तिच्या गळ्यात होती. "नाव आलं का मी कोपर मारतो. तू फकस्त उठ."

"नोको मारू," ती म्हणाली. "माह्य ठरलं."

"काय ठरलं?"

ती खिडकीकडं पाहत राहिली. बाकं भरलेली होती. बाया, थोटे-पांगळे, काठ्या टेकलेले म्हातारे. नावं चालली होती. 

"झुंबरबाई कडूबा!"

खिडकीत अंधारच होता. आवाज त्या बाबूचाच होता, मी शपथेवर सांगतो. पण काकू उठली ती पहिल्याच हाकेला, गुडघे धरून नाही तर एखाद्या पोरीवाणी झटकन, अन् वसरीतून आतल्या खोलीला ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं म्हणाली,

"आली व माय, आली! हे पाहाय, आलीच!"

अख्खी बँक हसली. बाबू म्हणाला, "आजी, मी तुमची माय कधीपासून झालो?" मागून कोणी तरी टाळी दिली. काकू खिडकीशी गेली, अंगठा लावला, पैसे पदरात बांधले. बाबूकडं तिनं पाहिलं नाही. ती पाहत होती ती भिंतीच्या कोपऱ्याकडं, जिथं कोणी बसलेलं नव्हतं. मी हसलो नाही.

मग म्हणाली, उंद्रीच्या बाजारातून चाल. मला वाटलं तेल-मीठ घेईल. ती थेट कासारापुढं जाऊन बसली.

"हिरव्या दे. दोन्ही हातभर."

कासारानं तिच्या पांढऱ्या कपाळाकडं पाहिलं. "बुढे, तुले कायले व हिरव्या?"

"मले नोहे. घरी हाय येक."

"माप?"

काकूनं स्वतःचा हात पुढं केला. काड्यांची जुडी असावी तसा तो हात. थोडा वेळ त्याच्याकडं पाहिलं अन् मागं घेतला.

"सोळा-सतरा वर्सांच्या पोरीचं दे."

"असं म्हन ना! नात आली का माह्यारी?"

"नाई," काकू म्हणाली. "माह्याहून मोठी हाय ते."

कासारानं माझ्याकडं पाहिलं. मी बैलांचं जू पाहायला गेलो.

गावात शिरलो तेव्हा दिवे लावायची वेळ झालीच होती. तिच्या दारापुढं बंडी नीट थांबायच्या आत ती खाली उतरली. दार उघडं होतं, आत अंधार. मला काहीच ऐकू आलं नाही. पण ती चालता चालता, बांगड्यांची पुडी छातीशी धरून, "आली व, आली," असं म्हणत आत गेली. मागच्या खोलीपर्यंत तिचा आवाज गेला. मी बैल हाणले. आमच्या घराच्या वळणाला लागेस्तोवर मी वळून पाहिलं नाही. मागं बांगड्यांची काच किणकिणल्यासारखी वाटली ती तिथंच.